दुसरा हात

खासबागच्या रविवारात कोथिंबीर संपते
तिथून मोडकं सुरू होतं.
तीन पायांचं स्टूल, काच नसलेली आरशाची चौकट,
कॅम्पातल्या कुठल्या मेजरची बदली झाली म्हणून
आठ दिवसांत निघालेलं सगळं.
हे कपाट तिथंच उभं होतं, दाराला टेकून.
विकणारा म्हणाला, हजार.
मी म्हटलं, साक बिडरी.
तो हसला, सहाशेवर आला.
मग नोटा मराठीत मोजल्या.

वडगावात शेड आहे, भाड्याची.
आधी इथे माग होते.
अजून पंखा लावला की कौलांतून सुताचा कचरा पडतो
आणि ओल्या रंगावर बरोबर बसतो.

दावलसाब चाळीस वर्षं पॉलिशवाले.
माझा डबा बघून त्यांनी टोपी काढली, परत घातली.
"शिसमावर चुना, अक्का?
आमरसात ताक ओतल्यागत."
चुना नव्हे, खडू, मी म्हटलं.
"खडू फळ्यावर."
त्या दिवसाचं बोलणं तेवढंच.

तीन वाट्या रंग, एक वाटी रांगोळी, वस्त्रगाळ,
कोमट पाणी, धिरड्याच्या पिठाइतकं सैल.
रंगाला नाव द्यावं लागतं, नाहीतर गिऱ्हाईक फिरकत नाही.
मोबाईलवर मी लिहिते: जुनी साय.
कडांना आधी मेणबत्ती घासायची
म्हणजे तिथला रंग मागाहून सुटतो,
पन्नास वर्षं हात लागल्यासारखा.
ज्यांचे खरोखर लागले होते
त्यांचे मी सकाळीच पॉलिश पेपरनं काढून टाकलेत.

पहिला हात दिला. जेवून आले
तर दारावर पिवळे डाग.
दुसरा हात. संध्याकाळी गुलाबी.
कुणी म्हणेल, लाकूड रडतंय.
मी म्हटलं नाही.
माझा वाटीमागं पन्नास रुपयांचा रंग जात होता.

तिसऱ्या दिवशी दावलसाब आले ते बाटली घेऊनच.
स्पिरिटचा वास, जुन्या बनियनची पुरचुंडी,
लाखेचा एक पातळ हात, उलटा न फिरवता,
मनगटातून, घाई नसलेला.
"वाळू दे. मग लाव तुझा खडू.
आता खालचं गप्प राहील."
राहिलं.

पाठ बघायची राहिलीच होती.
कपाट भिंतीपासून ओढलं
तर मागची फळी म्हणजे कुठल्या दुकानाची पाटी,
सुतारानं मापात कापून ठोकलेली.
त्याला हवी होती मधली नऊ इंच,
त्यामुळे वर मराठीचे नुसते पाय: काने, दोन उकार,
खाली कानडीची नुसती डोकी.
दोन्ही आम्हा दोघांना वाचता येतात.
तरी दुकान कशाचं ते लागेना.
"किराणा," ते म्हणाले.
"सायकल," मी.
"सायकलला एवढी अक्षरं कशाला?"
उजेड जाईपर्यंत आम्ही तिथेच,
मी पायांवर डोकी लावून बघत होते,
ते डोक्यांखाली पाय.

मी ब्रश उचलला तर त्यांनी हात आडवा घातला.
"पाठ कोण बघतंय?"
म्हणजे लावू नको, की लावलं काय नि नाही काय,
मी विचारलं नाही.
ब्रश पाण्यात ठेवला.

बुधवारी टेम्पो चोर्ल्यातून गोव्याला गेला.
कुणाच्या तरी होमस्टेत आता त्यात टॉवेल असतील.
साडेसात हजार. बाईंनी फोनवर खात्री केली,
जुनंच आहे ना, म्हणजे खरोखरीचं जुनं?
म्हटलं, पुढून नाही.
त्यांना ते गमतीचं वाटलं.

दावलसाबांना दोन हजार दिले.
त्यांनी मोजले, खिशात ठेवले,
आणि डब्यातल्या उरलेल्या सायीत बोट बुडवून
अंगठ्यावर चोळून बघितलं,
बराच वेळ.

आज रांगोळी आणायला गेले. पांढरी, पाच किलो.
दुकानदार म्हणाला, एवढी? घरात लग्न काय?
काय सांगणार. होय म्हटलं.
त्यानं वर एक मूठ घातली.